क्रिस्तपुराणांतील सृष्टिदृष्टांत

फादर थॉमस स्टीफन्स याच्या क्रिस्तपुराणांतील मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या बहुतेक वाचकांस मुखोद्गत असतात. पुष्पांत मोगरा, परिमळांत कस्तुरी, पक्ष्यांत मोर, वृक्षांत कल्पतरु, तशी भाषांत मराठी, असा त्यांचा आशय आहे. या ओव्या वाचून दोन प्रकारचे निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. एक असा कीं, या इंग्रज जेसुइटानें गोमंतकाच्या निसर्गांत ख्रिस्ती बोध पाहिला आणि तोच येथें प्रकट केला. दुसरा असा कीं, हीं सारीं फुलें-पांखरें नवख्रिस्त्यांस रिझविण्यासाठीं आणलेला उसना अलंकार होय. आमच्या मतें दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. दृष्टांताचें कुळ त्यांतील वस्तूवरून ओळखूं नये. त्याच्या फलावरून ओळखावें.

ग्रंथाचा इतिहास संशोधकांस विदित आहे. तरी प्रस्तुतापुरता सांगतों. स्टीफन्स हा इ. स. १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला व १६१९ त तेथेंच वारला. त्याची हयात मुख्यतः साष्टी प्रांतांत गेली. क्रिस्तपुराण रोमन लिपींत १६१६ सालीं राचोल येथें प्रथम छापलें गेलें; पुढें १६४९ व १६५४ या सालीं त्याच्या आवृत्त्या निघाल्या. पहिल्या पुराणांत सृष्ट्युत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा ३६ अवस्वरांत, व दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र ५९ अवस्वरांत आहे. ओव्या सुमारें अकरा हजार. सतराव्या शतकांतील मुद्रित प्रत आज उपलब्ध नाहीं. हस्तलिखितांच्या आधारें जोसेफ साल्डाना यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन लिपींतच ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरी आवृत्ति १९५६ सालीं पुण्यास निघाली.

आतां त्या प्रसिद्ध ओव्यांची रचना पाहूं. समुदायांतून श्रेष्ठ व्यक्ति वेगळी काढणें यास व्याकरणांत निर्धारण म्हणतात. गीतेच्या दहाव्या अध्यायांतील विभूतिवर्णन या निर्धारणावरच उभें आहे: नक्षत्रांत चंद्र, वृक्षांत अश्वत्थ, पक्ष्यांत गरुड. ज्ञानेश्वरीमुळें ही सरणी मराठीच्या हाडींमासीं खिळली होती. स्टीफन्सनें तीच सरणी घेतली, पण फल पालटलें. गीतेंत तो अश्वत्थ म्हणजे भगवंताची विभूति. स्टीफन्सच्या ओवींत मोगरा म्हणजे केवळ भाषेचें उपमान. ज्या सांच्यांत ईश्वर वस्तूच्या ठायीं पाहिला जातो, तो सांचा त्यानें येथें भाषेच्या गौरवासाठीं वापरला. ख्रिस्ती सिद्धांतांत निर्माता व निर्मित यांमध्यें भेद राखावाच लागतो. हें स्थलांतर त्या भेदास बाधक झालें नाहीं.

मात्र येथें निसर्गनिरीक्षण आहे, असें म्हणवत नाहीं. कल्पतरु कोणी शेताच्या बांधावर पाहिलेला नाहीं. कस्तुरी साष्टींतील डोंगरांत सांपडत नाहीं. हीं उपमानें रानांतून आलेलीं नसून पोथ्यांतून आलेलीं आहेत. म्हणून या ओव्या कवीच्या मराठी व्यासंगाचा उत्तम पुरावा होत. निसर्गापासून घेतलेल्या ख्रिस्ती बोधाचा त्या पुरावा होऊं शकत नाहींत.

तो बोध म्हणजे काय, हें समजण्यास गोव्याबाहेर, आमच्या प्रांतांत यावें लागेल. छत्रपति संभाजीनगराच्या दक्षिणेस सुमारें ५० किलोमीटरवर पैठण आहे. तेथील एकनाथांनीं भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका शके १४९५ त, म्हणजे इ. स. १५७३ त, काशीस पूर्ण केली. स्टीफन्स गोव्यास येण्यापूर्वी अवघीं सहा वर्षें. तींत सातव्यापासून नवव्या अध्यायापर्यंत अवधूत यदूस आपले चोवीस गुरु सांगतो. पृथ्वी, वायु, समुद्र, अजगर, कपोत, मधमाशी असे ते गुरु होत. सृष्टीपासून धडा घेण्याचें याहून विस्तृत प्रकरण मराठींत क्वचितच असेल.

यांतील अजगर अनायासें मुखीं पडेल तें भक्षून स्वस्थ असतो. शुभवर्तमानांतील आकाशाचीं पांखरेंहि पेरीत नाहींत व कापणी करीत नाहींत. दृष्टांत जवळजवळ एकच. पण अवधूत अजगरापासून प्रारब्धाविषयीं औदासीन्य शिकतो, तर ख्रिस्त पांखरांकडे बोट दाखवून पोसणाऱ्या पित्यावर भरंवसा ठेवावयास सांगतो. तसाच कपोत. तो कुटुंबाच्या मोहानें जाळ्यांत पडून मरतो व आसक्तीचा दोष शिकवितो. शुभवर्तमानांतील चिमणी मात्र पित्याच्या जाणिवेवांचून भूमीवर पडत नाहीं. एकीकडे शिकविणारा शिष्याचा विवेक आहे, दुसरीकडे सृष्टीचा कर्ता.

यावर कोणी म्हणेल कीं, पोसणाऱ्या देवावरील भरंवसा आमच्या संतांतहि आहे. हा आक्षेप योग्यच आहे. भक्तिकाव्य या बाबतींत अवधूताहून शुभवर्तमानास जवळचें आहे. परंतु भक्ताचा देव पोसतोहि व पोसल्या जाणाऱ्या जीवांत नांदतोहि. स्टीफन्सला हा दुसरा भाग मान्य करतां येत नव्हता. त्याच्या मंगलाचरणाकडे पाहावें. तेथें तो देवास विश्वभरित म्हणतो, आणि लगेच स्वर्ग-पृथ्वीचा रचणाराहि म्हणतो. पहिलें विशेषण ऐकून मराठी श्रोत्यास देव सर्वांत भरला आहे असें वाटेल. दुसरें त्या देवास सृष्टीहून वेगळा काढतें. स्वर्गास तो वैकुंठ म्हणतो, तेथेंहि हीच रीति आहे. त्याचें खरें कौशल्य मोगऱ्याच्या ओवींत नसून या दोन विशेषणांच्या सांध्यांत आहे. शब्द श्रोत्यांचे, मर्यादा त्याची. हा सांधा सर्वत्र दृढ राहिला काय, याची परीक्षा अवस्वरागणिक झाली पाहिजे. तें काम ओव्यांच्या निवडक वेच्यांनीं होणार नाहीं.

पोथ्यांच्या संग्राहकांस यांतून एक व्यावहारिक सूचना निघते. लंडनच्या प्राच्यविद्यासंस्थेंत मार्सडेन-संग्रहांतील जी प्रत आहे ती देवनागरींत असून, तिच्या भागांस आदिपुराण व देवपुराण अशीं नांवें आहेत. पोर्तुगीज शब्दांऐवजीं तींत संस्कृत शब्द योजिलेले आहेत. आदिपुराण हें नांव जैन वाङ्मयांतहि प्रसिद्ध आहे. तेव्हां अशा प्रतीचें एखादें सुटें पान आपल्याकडील दप्तरांत असल्यास तें भलत्याच सदरांत नोंदलें जाण्याचा संभव आहे. फूल, पक्षी, नदी यांच्या उपमांवरून अशा पानाचा निर्णय करूं नये. त्या सर्वांच्या सामाईक आहेत. व्यक्तिनामें पाहावीं, प्रसंग पाहावा, आणि दृष्टांत शेवटीं श्रोत्यास कोणाच्या स्वाधीन करतो तें पाहावें. तोंवर त्या पानावर कोणत्याहि धर्माची चिठ्ठी चिकटवूं नये.