आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवाचे नामाभिधान : ‘अश्वमेध’ या नावाची चिकित्सा

प्रास्ताविक :

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या सामायिक उपक्रमांना स्वतंत्र नावे आहेत. सांस्कृतिक महोत्सव ‘इंद्रधनुष्य’, संशोधन स्पर्धा ‘आविष्कार’, आपत्ती व्यवस्थापनाचे शिबिर ‘आव्हान’ आणि क्रीडा महोत्सव ‘अश्वमेध’ या नावाने ओळखला जातो. पहिल्या तीन नावांतून उपक्रमाचे स्वरूप सहज ध्यानात येते. चौथे नाव मात्र एका राजयज्ञाचे आहे. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल व मैदानी खेळ यांच्या स्पर्धेला हे नाव कितपत शोभते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाव ही केवळ सोयीची खूण आहे, असे मराठवाड्यात तरी म्हणता येत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९९ मध्ये निर्माण झालेल्या हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये याच विद्यापीठाच्या कक्षेत येतात. एका नावासाठी जवळजवळ सोळा वर्षे झगडलेल्या प्रदेशाने क्रीडा महोत्सवाचे नावही डोळसपणे पाहणे उचित ठरते.

रूपकाचा अर्थ :

अश्वमेधात राजा अश्व मोकळा सोडतो. अश्वाच्या मागे सैन्य असते. जो त्याला अडवील त्याने युद्ध करावे, जो अडवणार नाही त्याने मांडलिकत्व मान्य करावे, असा संकेत असतो. वर्षभराने अश्व परत येतो आणि त्याचा बळी दिला जातो. शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडात या विधीचे सविस्तर वर्णन आहे. गती, सामर्थ्य आणि दिग्विजय हे अर्थ खेळाला जवळचे वाटतात, त्यामुळे नावाचे आकर्षण समजू शकते. या यज्ञाचे नाते महाराष्ट्राच्या भूमीशीही आहे. नाणेघाटातील नागणिकेच्या सातवाहनकालीन शिलालेखात अश्वमेधाचा उल्लेख येतो.

तथापि क्रीडास्पर्धेचा पाया समानता हा आहे. दोन्ही संघ एकाच रेषेवर उभे राहतात आणि नियम दोघांनाही सारखेच असतात. अश्वमेधात यजमान एकच असतो. इतरांपुढे शरण येणे किंवा लढणे एवढेच पर्याय उरतात. शिवाय विजयाच्या क्षणी ज्याचा बळी जातो, तो धावणारा अश्वच असतो. खेळाडूची प्रतिमा म्हणून अश्व स्वीकारला, तर ही प्रतिमा शेवटी खेळाडूच्याच विरोधात जाते.

मराठी परंपरेतील अश्वमेध :

मराठी श्रोत्याला अश्वमेध परिचित झाला तो मुख्यतः पोथीतून. श्रीधरांच्या ‘जैमिनी अश्वमेध’ या ग्रंथाचे यात मोठे योगदान आहे. या कथेत श्रोत्यांचे मन यज्ञकर्त्या युधिष्ठिरापेक्षा घोडा अडवणाऱ्यांकडे अधिक ओढले जाते. सुधन्वा अर्जुनाशी लढतो, बभ्रुवाहन प्रत्यक्ष पित्याला पराभूत करतो, स्त्रीराज्याची प्रमिला घोडा बांधून ठेवते. रामकथेतील लव-कुशही याच पंक्तीत बसतात. ग्रामीण महाविद्यालयातून आलेला खेळाडू वा मुलींचा संघ या परंपरेत स्वतःला शोधील, तर तो घोडा अडवणाऱ्यांतच शोधील. प्रचलित नाव मात्र यजमानाच्या बाजूने उच्चारले जाते. या नावातील खरी विसंगती येथे आहे.

पर्यायांचा विचार :

नांदेड विद्यापीठाचा युवक महोत्सव ‘ज्ञानतीर्थ’ या नावाने भरतो. त्यात विद्येचा निर्देश आहे आणि ज्यांचे नाव विद्यापीठाला दिले, त्या स्वामीजींच्या नावाचा अंशही आहे. व्यंकटेश खेडगीकर हे संन्यास घेतल्यावर रामानंद तीर्थ झाले. म्हणजे ‘तीर्थ’ हा शब्दही एका विचारपूर्वक स्वीकारलेल्या नावातून आला आहे. चांगले नाव स्थानिक इतिहासातून कसे घडते, याचा हा नमुना होय.

क्रीडा महोत्सवासाठी ‘रिंगण’ हा शब्द विचारात घेण्याजोगा आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून हिंगोली तालुक्यातील नर्सी परंपरेने मानले जाते, आणि त्यांच्या वारकरी परंपरेतही अश्व धावतो. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यातील एका अश्वावर दृश्य स्वार नसतो. तो वारकऱ्यांनी आखलेल्या वर्तुळात धावतो, कोणाचेही राज्य जिंकत नाही. त्याच्या टापांखालची माती लोक कपाळी लावतात. मैदान, गती, शिस्त आणि प्रेक्षकांचा सहभाग या चारही गोष्टी या शब्दात सामावतात.

यावर दोन आक्षेप संभवतात. रिंगणात जय-पराजय नसतो, आणि हा शब्द एका भक्तिसंप्रदायाशी निगडित आहे. पहिला आक्षेप मान्य करावा लागतो. दुसऱ्याबाबत असे म्हणता येईल की कुस्तीच्या आणि निवडणुकीच्या रिंगणामुळे हा शब्द व्यवहारात आधीच सर्वांचा झाला आहे. ‘अश्वमेध’ हे नाव रूढ झाल्याने त्याचा मूळ अर्थ आता कोणी मनात आणत नाही, असाही युक्तिवाद होईल. परंतु ज्याचा अर्थ विसरल्यावरच जे नाव चालते, ते विद्यापीठांनी जपावे काय, हा प्रश्न उरतोच.

निष्कर्ष :

१. ‘अश्वमेध’ हे नाव भारदस्त असले तरी त्यातील एकछत्री विजयाची कल्पना क्रीडास्पर्धेच्या समतेशी विसंगत आहे.

२. मराठी कथापरंपरेची सहानुभूती घोडा अडवणाऱ्यांना लाभली आहे. नावात तिचे प्रतिबिंब नाही.

३. उपक्रमाचे नाव अर्थवाही, सुटसुटीत आणि सर्व सहभागींना आपले वाटणारे असावे. नाव ठरवताना खेळाडू व शारीरिक शिक्षण संचालक यांचे मत घेतले जावे.

४. नाव बदलले नाही, तरी त्याची चर्चा वर्गात आणि मैदानावर व्हावी. नामांतराच्या इतिहासातून गेलेल्या प्रदेशातील अध्यापकांकडून ही किमान अपेक्षा आहे.