चोरांचे शब्द आणि ऑलिव्हरचं अर्धं वाक्य

आजचा विषय ऐकून दोघातिघांनी आधीच विचारलं, की इंग्रजी चोरभाषेवर मराठीत व्याख्यान कशाला? त्याकडे येतोच. आधी एक शब्द घेऊ, ‘निक’. लंडनमध्ये एखाद्याने सायकल चोरली तर त्याने ती ‘निक’ केली. पोलिसांनी त्याला पकडलं तर पोलिसांनी त्याला ‘निक’ केलं. आणि नेऊन ठेवलं कुठे? ‘निक’मध्ये. चोरी, अटक, कोठडी, तिन्हींना एकच शब्द! कायद्याच्या पुस्तकात या तिन्हींमध्ये केवढं अंतर आहे. रस्त्यावरच्या माणसाला मात्र एवढंच दिसतं, की कुणीतरी काहीतरी उचललं. आपणही ‘पाकीट उचललं’ म्हणतो आणि ‘पोलिसांनी त्याला रात्री उचललं’ असंही म्हणतो. हा ‘उचलणे’ लक्षात ठेवा, मला तो नंतर लागणार आहे.

चोरभाषा का तयार होते, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे गुप्तता. पोलिसांना कळू नये म्हणून. मला हे उत्तर अपुरं वाटतं. फ्रान्सिस ग्रोसने असल्या शब्दांचा कोश १७८५ मध्येच छापून विकायला ठेवला होता. जेम्स हार्डी वॉक्स नावाचा गृहस्थ तर तीनदा काळ्या पाण्यावर, म्हणजे ऑस्ट्रेलियात, गेलेला. त्याने तिथे कैदेत असताना १८१२ मध्ये चोरांच्या शब्दांचा संग्रह केला आणि अर्पण कुणाला केला? तिथल्या अधिकाऱ्यालाच, न्यायदानात उपयोगी पडेल म्हणून! त्या वसाहतीच्या सुरुवातीच्या काळात कोर्टात कैद्यांचं इंग्रजी समजायला दुभाषा लागत असे. तेव्हा गुप्तता होती, नाही असं नाही. पण छापील कोश निघाल्यावरही असले शब्द मेले नाहीत. मग त्यांचं काम काहीतरी वेगळं असणार.

ते काम मला डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये सापडलं. कादंबरी १८३७ पासून मासिकातून क्रमशः येत होती. तिच्यातली एक खोट आधी सांगतो. ऑलिव्हर अनाथालयात आणि गरीबखान्यात वाढलेला पोरगा, पण बोलतो कसा, तर पाद्र्याच्या घरी वाढल्यासारखा. भाषेचा एक डाग त्याला लागत नाही. डॉजर त्याला शिकवतो, की ‘बीक’ म्हणजे मॅजिस्ट्रेट. शब्दशः ‘चोच’! ऑलिव्हर ऐकतो, पण त्याच्या तोंडी काही ते येत नाही. चांगला मुलगा म्हणजे प्रमाण भाषा बोलणारा मुलगा, हे समीकरण आपल्याकडच्या शाळांनाही ठाऊक आहे.

पण अठराव्या प्रकरणात डिकन्स स्वतःच्याच समीकरणाच्या पुढे जातो. डॉजर विचारतो, ‘प्रिग’ म्हणजे काय ठाऊक आहे का? ऑलिव्हरला अंदाज असतो. तो ‘चोर’ म्हणायला जातो आणि शब्द अर्ध्यावर गिळतो. डॉजर मात्र आपण ‘प्रिग’ आहोत हे छाती काढून सांगतो. बघा, दोघांना एकच गोष्ट म्हणायची आहे. एका शब्दात लाज आहे, दुसऱ्यात धंद्याचा अभिमान. चोरभाषा नुसती पोलिसांपासून लपायला नसते, स्वतःपासून लपायलाही असते. म्हणून भाषांतरात हा प्रसंग फार अवघड आहे. ‘प्रिग’ला ‘चोर’ म्हटलं तर प्रसंग तिथेच कोसळतो, आणि ‘भुरटा’ म्हटलं तर डॉजरने स्वतःला कमीपणा घेतल्यासारखं होतं.

त्याच प्रकरणात चार्ली बेट्स गळ्यातला रुमाल वर ओढून, मान टाकून, ‘स्क्रॅग’ होणं म्हणजे फाशी जाणं हे हसत करून दाखवतो. शेवटी फॅगिनची फाशीआधीची रात्र येते. तिथे हसायला कुणी उरलेलं नाही.

पोलिसांच्या नावांबद्दल थोडक्यात. १८२९ मध्ये रॉबर्ट पीलने लंडनचं पोलीस दल उभं केलं. रॉबर्टचा ‘बॉबी’ झाला, पीलचा ‘पीलर’. ‘बॉबी’त लाडिकपणा आहे, आपल्या ‘मामा’सारखा. ‘पीलर’ आज ऐकू येतो तो मुख्यतः उत्तर आयर्लंडमध्ये, आणि तिथे पोलीस हा काही सगळ्यांचा मामा नव्हता.

आता मराठीत कशाला, त्याकडे. ऑलिव्हर छापला जाण्याच्या आदल्याच वर्षी, १८३६ मध्ये, कलकत्त्याला स्लीमन साहेबाने ठगांच्या भाषेचा कोश काढला. वॉक्सने स्वतःची भाषा लिहून दिली होती. इथे पकडणाराच कोशकार होता. ‘ठग’ हा आपला शब्द इंग्रजीत घट्ट बसला, ‘लूट’ तर आधीच गेला होता. ठगांबद्दलचं किती खरं आणि किती साहेबी कल्पना, यावर इतिहासकार अजून भांडताहेत. पण शब्द तिथे थांबला नाही. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवायची सोय झाली, ती १९५२ पर्यंत टिकली.

आणि इथे तो ‘उचलणे’ परत येतो. लक्ष्मण गायकवाडांचं आत्मकथन १९८७ मध्ये आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळाली. नाव ‘उचल्या’. डॉजरने ‘प्रिग’ हा शब्द मिरवायला घेतला होता. ‘उचल्या’ हा शब्द जन्माबरोबर अंगावर टाकलेला, पोलीस चौकीत आणि गावात हाक मारायला वापरलेला. ऑलिव्हरला जो शब्द अर्धाही म्हणवत नाही, त्याचा हा सख्खा भाऊ, आणि लेखकाने तो पूर्ण, मोठ्या अक्षरात, मुखपृष्ठावर ठेवला.

पाणी घेतो. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.