आबाळ, दुर्लक्ष आणि कर्ता : ऊसतोडणी-कामगारांच्या मुलांच्या संरक्षणाचे परीक्षण

१

नीरा डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतील शेतीचे स्वरूप पालटले. उसामागून सहकारी साखर कारखाने आले. सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर येथील कारखान्यांच्या परिसरात दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी इत्यादी जिल्ह्यांतून तोडणी-कामगारांच्या टोळ्या उतरतात आणि गाळपाचा हंगाम संपेपर्यंत कोप्यांमध्ये राहतात. त्यांच्याबरोबर मुलेही येतात. या मुलांसाठी सेवाभावी संस्थांनी केलेले काम थोडे नाही. तथापि त्या कामाची मोजदाद बहुधा पटावरील संख्येने होते : किती मुले शाळेत आणली, त्यांपैकी किती टिकली. हिंसेपासून आणि आबाळीपासून ती कितपत सुरक्षित राहिली, हा प्रश्न मागे पडतो.

प्रस्तुत परीक्षणाचा विषय हा मागे पडलेला प्रश्न होय. संस्थांची बालसंरक्षणविषयक धोरणे आणि अहवाल हे प्रथमतः भाषिक लेख असतात, आणि त्यांत क्रियेचा कर्ता कोठे ठेवला आहे यावर पुढील कृतीची दिशा ठरते. जेथे एका व्यक्तीला कर्ता म्हणता येत नाही तेथे ही भाषा आईबापांना कर्ता करते. आणि जेथे कर्ता स्पष्ट असतो तेथे ती त्याला वाक्यातून वगळते. हे दोन्ही दोष केवळ शैलीचे नव्हेत, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

तोडणीच्या व्यवहारात मजुराचे एकक 'कोयता' हे आहे. एक कोयता म्हणजे पतिपत्नीची जोडी. एकट्या मजुराला 'अर्धा कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबाने, आणि खाडा पडला तर भुर्दंडही कोयत्यावरच बसतो. अवजाराचे नाव माणसाला लावणे ही लक्षणा अनेक भाषांना परिचित आहे. येथे मात्र तिचा परिणाम लक्षात घ्यावयास हवा : जोडी मोजली जाते, तिसरा जीव मोजला जात नाही. वाढे गोळा करणारा, मोळी बांधताना हात लावणारा मुलगा किंवा तान्ह्या भावंडाला दिवसभर कडेवर घेऊन कोपी राखणारी मुलगी कोणत्याही हिशेबात येत नाही. श्रम आहेत, पण त्यांना नाव नाही.

हेच एकक मुलीच्या विवाहाच्या वयाशीही जोडले गेले आहे. जोडीला पूर्ण उचल मिळते. म्हणून जोडी लवकर लावण्याकडे कल होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांपूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के, तर बीड जिल्ह्यात सुमारे ४४ टक्के आढळले. ही तफावत एकट्या ऊसतोडणीमुळे पडते असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या व्यवसायाचे एककच विवाहित जोडी हे आहे त्याचा तीत वाटा नाही, असेही म्हणवत नाही.

या पार्श्वभूमीवर साखरशाळांचे महत्त्व ओळखले पाहिजे. तत्कालीन औरंगाबाद येथील 'जनार्थ' या संस्थेने या शतकाच्या पहिल्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांवर अशा शाळा मोठ्या प्रमाणावर चालविल्या. सोमेश्वरनगरच्या परिसरातील एका उपक्रमाला 'कोपीवरची शाळा' हे नाव मिळाले, आणि ते अर्थपूर्ण आहे. 'उसावर गेले', 'कारखान्यावर आहेत', 'कोपीवर भेटतील' या प्रयोगांतील 'वर' हा प्रत्यय तात्पुरत्या वस्तीचा वाचक आहे. मूल जेथे आहे तेथे शाळा गेली, एवढे त्या नावातून कळते. मूल काही तास फडाच्या धारेपासून आणि टायरगाड्यांच्या रहदारीपासून दूर, कोणातरी मोठ्या माणसाच्या नजरेखाली राहिले, हेच मोठे संरक्षण होते.

१ एप्रिल २०१० रोजी बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अंमलात आला. त्यानंतर मान्यता नसलेल्या अशा स्वतंत्र शाळांना जागा उरली नाही. मुलाला जवळच्या नियमित शाळेत दाखल करावे, अथवा गावीच ठेवून हंगामी वसतिगृहाचा आधार द्यावा, असे धोरण आले. २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुलामुलींची ८२ शासकीय वसतिगृहे उभारण्याचा निर्णय झाला. समतेच्या दृष्टीने या बदलाचे समर्थन करता येते. पण संरक्षणाच्या दृष्टीने पाहता, आईबापांच्या नजरेतून मूल संस्थेच्या नजरेत गेले; म्हणजे जोखीम नाहीशी झाली नाही, तिची जागा बदलली.

३

'उपेक्षा' आणि 'दुर्लक्ष' हे शब्द धोरणांत व कायद्याच्या भाषांतरांत रूढ आहेत. घरगुती मराठीत मात्र या अवस्थेसाठी 'आबाळ' हा शब्द आहे, आणि दोहोंच्या वाक्यरचनेतील भेद विचार करण्याजोगा आहे. दुर्लक्ष 'केले' जाते. त्याला कर्ता लागतो आणि त्या कर्त्याकडे लक्ष देण्याची शक्यता असूनही त्याने ते दिले नाही, असा अर्थ त्यात येतो. आबाळ प्रायः 'होते'. 'आई आजारी पडली आणि पोरांची आबाळ झाली' या वाक्यात आईवर ठपका नाही. 'हेळसांड' हा शब्द या दोहोंच्या मध्ये उभा आहे. ती होतेही आणि केलीही जाते. बोलणाऱ्या समाजाने दोषाच्या या पायऱ्या शब्दांतच राखून ठेवल्या आहेत.

फडात पहाटे उतरणाऱ्या आईने तान्हे मूल बांधावर गोधडीत ठेवले, तर ते दुर्लक्ष की आबाळ? खाडा केल्यास उचल फिटत नाही, जवळ पाळणाघर नाही, अंगणवाडी दूरच्या गावठाणात आहे. अशा स्थितीत 'पालकांचे दुर्लक्ष' ही नोंद वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाही. ती एका व्यवस्थेचे कर्तृत्व एका बाईच्या नावे लिहिते. नोंदीमागून उपायही येतो. दोष अज्ञानाचा ठरला की उपाय 'प्रबोधन' ठरतो, आणि सायंकाळी दमून आलेल्या माणसांपुढे स्वच्छतेवर व शिक्षणाच्या महत्त्वावर व्याख्यान होते. पाळणाघराची मागणी कारखान्याकडे, मुकादमाकडे किंवा शासनाकडे करावयाची राहून जाते.

येथे कायदा संस्थांच्या भाषेपेक्षा अधिक सावध आहे, हे नमूद केले पाहिजे. बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या ७५ व्या कलमात मुलाची उपेक्षा दंडनीय ठरते ती जाणूनबुजून केलेली असेल तर; आणि आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे जन्मदात्यांनी मुलाचा त्याग केला असल्यास तो हेतुपुरस्सर नव्हे असे मानावे, अशी पुस्ती तेथे जोडलेली आहे.

याचा अर्थ कोपीतील सर्व दुःख परिस्थितीच्या माथी मारावे, असा नव्हे. दारूच्या नशेत मुलाला मारणारा बाप हा कर्ता आहे. चौदा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरविणारे नातेवाईक कर्ते आहेत. तेथे 'आबाळ' म्हणणे हे पांघरूण घालणे होईल. विवाहाच्या तोंडावर असलेली अल्पवयीन मुलगी त्याच अधिनियमानुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक ठरते. म्हणून संस्थेच्या कार्यकर्त्याला दोन शब्दांपैकी एक निवडण्याची मुभा नाही. प्रत्येक प्रसंगी दोहोंतील भेद तपासण्याची त्याच्यावर जबाबदारी आहे.

४

दुसरा दोष याच्या उलट प्रकारचा आहे. हिंसा जेव्हा संस्थेच्या आवारात होते तेव्हा लेखनातून कर्ता नाहीसा होतो. 'अनुचित प्रकार घडला', 'गैरवर्तनाची बाब निदर्शनास आली', 'योग्य ती कार्यवाही करण्यात आली' ही वाक्ये मराठी अहवालांच्या वाचकाला ओळखीची आहेत. कोणी, कोणाला, काय केले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांत नाहीत. कर्मणी व भावे प्रयोग हे मराठीचे सामर्थ्य आहे. अशा ठिकाणी त्यांचा उपयोग आडोसा म्हणून होतो.

हा दोष मराठीपुरता नाही. २००२ मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन येथील निर्वासित मुलांविषयीच्या पाहणीतून मदत वाटणारे काही कर्मचारीच त्यांचे लैंगिक शोषण करीत असल्याचे आरोप पुढे आले. पुढील वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी याबाबत नियमपत्र काढले. तरीही हैतीतील भूकंपानंतर 'ऑक्सफॅम' या ब्रिटिश संस्थेच्या काही कर्मचाऱ्यांचे वर्तन २०११ मध्ये अंतर्गत चौकशीत उघड झाले, तेव्हा बाहेर गेला तो 'गैरवर्तन' या अर्थाचा मोघम शब्द. प्रकरण २०१८ मध्ये वृत्तपत्रातून जगापुढे आले. २०१९ मध्ये इंग्लंड व वेल्सच्या धर्मादाय आयोगाने काढलेल्या निष्कर्षांत, अल्पवयीन मुलींच्या शोषणाच्या आरोपांची पुरेशी तपासणी झाली नव्हती, असा ठपका होता. नियमपत्र, धोरण, चौकशी हे सारे तेथे होते. कर्त्याचे नाव घेणारे वाक्य तेवढे नव्हते.

भारतातील मुझफ्फरपूर येथील बालिकागृहाचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. शासनाच्या पैशावर एक स्वयंसेवी संस्था ते चालवीत होती. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' या गटाने बिहारमधील निवारागृहांची सामाजिक तपासणी केली, तेव्हा तेथील मुलींवरील अत्याचार उजेडात आले. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरविले. नोंदवह्या पाहणारा तपासनीस आणि मुलींशी बोलणारा तपासनीस यांना एकाच इमारतीत दोन निराळ्या वस्तू दिसतात, हे या प्रकरणाने सिद्ध केले.

कायद्याने या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. बाल न्याय अधिनियमाच्या वर उल्लेखिलेल्या कलमातच, क्रौर्य करणारा मनुष्य मुलांच्या काळजीसाठी असलेल्या संस्थेचा सेवक वा चालक असेल तर शिक्षेची मर्यादा तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेलेली आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम अपराधाची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक करतो, आणि हाताखालच्या माणसाचा अपराध न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखालाही शिक्षेस पात्र ठरवितो. म्हणजे संस्थेचा अहवाल ज्याला वगळतो, त्याच कर्त्याकडे कायदा बोट दाखवितो.

५

सोमेश्वरनगरसारख्या ठिकाणी काम करणाऱ्या संस्थेचे परीक्षण यापुढे कोणत्या कसोटीवर व्हावे? बालसंरक्षण धोरण लिहिलेले आहे की नाही, एवढे पाहून भागणार नाही. देणगीदारांच्या अटीमुळे ते बहुधा लिहिलेले असते. पाहावयाचे ते असे की, कोपीतील दहा वर्षांच्या मुलीला मारहाण झाली किंवा नकोसा स्पर्श झाला, तर ती कोणाला, कोणत्या शब्दांत सांगू शकेल आणि ऐकणाऱ्यावर पुढे काय करण्याचे बंधन असेल.

यात पहिली अडचण भाषेची आहे. धोरण प्रमाण मराठीत, पुष्कळदा इंग्रजीत असते. मूल बीडकडची बोली बोलते, बंजारा कुटुंबातील असल्यास घरी गोरमाटी बोलते. आणि कोणत्याही बोलीत मूल 'शोषण' हा शब्द वापरीत नाही. 'मला तिकडं न्हाई जायचं' किंवा 'पोटात दुखतंय' एवढेच त्याचे निवेदन असते. पोरसवदा बोलण्यातील हे संकेत ओळखणारा, शक्यतो त्याच टोळ्यांच्या मुलखातला, माणूस संस्थेत आहे काय, हा प्रश्न धोरणाच्या पृष्ठसंख्येपेक्षा महत्त्वाचा आहे. मुलाचे मत ऐकून घेण्याचा हक्क बालहक्कांच्या ज्या संहितेने १९८९ मध्ये मान्य केला, तिला भारताने १९९२ मध्येच संमती दिलेली आहे.

दुसरी अडचण जागेची आहे. बालकल्याण समिती जिल्ह्याची असते, ग्रामपातळीवरील बालसंरक्षण समिती गावाची. तोडणीच्या टोळीचे मूल हंगामात पुणे जिल्ह्यात आणि उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात असते. कोप्यांची वस्ती गावाच्या हद्दीत असली तरी गावाच्या सभेत नसते. फेब्रुवारीत केलेल्या तक्रारीची सुनावणी मे महिन्यात लागली, तर तक्रार करणारी मुलगी तेथे नसते. दोन्ही जिल्ह्यांत तक्रारीचा पाठपुरावा करण्याची हमी जी संस्था देत नाही, तिचे संरक्षण हंगामी ठरते.

तिसरी बाब हिशेबाची आहे. ज्या कारखान्याच्या जागेवर संस्था काम करते त्याच्याकडून टोळीच्या नोंदीत कोयत्यांबरोबर मुलांचीही वयासह नोंद करून घेणे तिला अशक्य नाही. मूल एकदा मोजले गेले म्हणजे पाळणाघराची जागा, दाईचा पगार, टायरगाडीवर मुलांना बसविण्यास बंदी या मागण्या कोणाकडे करावयाच्या हे ठरते, आणि आबाळीलाही उत्तरदायी माणूस सापडतो.

अल्प पैशांत, परक्याच्या जागेवर आणि पाच-सहा महिन्यांच्या मुदतीत काम करणाऱ्या संस्थांकडून इतकी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप संभवतो. त्यात तथ्य आहे. परंतु वर मागितलेल्या गोष्टींपैकी पहिलीला पैसा फारसा लागत नाही. पुढील हंगामाचा अहवाल लिहिताना 'आबाळ' आणि 'दुर्लक्ष' यांतील भेद राखणे, आणि संस्थेच्या आवारात झालेल्या प्रत्येक हिंसेचे वाक्य मुलाची ओळख झाकून पण कर्त्यासह लिहिणे, एवढे कोणत्याही संस्थेला आजच करता येईल. कर्त्यासह लिहिलेले वाक्य पोलिसांना कळविल्याविना दप्तरात ठेवणे अवघड जाते.