शिपायाला सगळं ठाऊक असतं : ओपन वर्ल्ड गेममधला गुन्हा आणि शिक्षा

व्हिडिओ गेमवर बोलणार म्हटल्यावर पुढच्या रांगेतली काही मंडळी हसली. हसा. नातवाशेजारी पहिल्यांदा बसलो तेव्हा मीही हसतच होतो.

तो खेळत होता 'स्कायरिम', २०११ सालचा गेम. ओपन वर्ल्ड म्हणजे कुठंही जा, काहीही करा. चोरीसुद्धा. पण कुणी बघितलं तर तुमच्या नावावर रक्कम चढते: मारहाणीला ४० नाणी, खुनाला १०००. मग शिपाई गाठतो. दंड भरा, तुरुंगात जा, नाहीतर तलवार काढा. दंड भरला की विषय संपला. राज्याचे नऊ प्रांत आहेत आणि प्रत्येकाची वही वेगळी. हद्द ओलांडली की तुम्ही कोरे.

या व्यवस्थेची चेष्टा खूप झाली. दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घातली की त्याच्यादेखत दुकान लुटता येतं! शेवटचा साक्षीदार मारला तर नावावरची रक्कमच पुसली जाते. लोक म्हणतात, हे वास्तव नाही. मला तर यातलं दुसरं फारच वास्तव वाटलं. साक्षीदार गप्प झाले की खटला कोसळतो, हे आपल्याला कुणी नव्यानं सांगायला हवं का?

माझी हरकत वेगळी आहे. कांट म्हणतो, शिक्षेचा उपयोग काय हे विचारण्याआधी माणूस दोषी आहे हे ठरलं पाहिजे. आता बघा, न्यायाची सगळी मारामार या 'ठरलं पाहिजे'पाशीच असते. २०२२ च्या अखेरीस आपल्या तुरुंगांतल्या दर १०० माणसांपैकी साधारण ७६ कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचं अजून ठरलेलंच नाही, आणि तरी ते आत आहेत. गेममध्ये ही अडचणच येत नाही. यंत्राला सत्य माहीत असतं, ते शिपायाच्या कानात सांगतं. शिपाई चुकत नाही. म्हणून तिथली शिक्षा म्हणजे नुसती किंमत होते, बाजारात मोजावी तशी.

आपल्या लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड. त्यांचं 'उचल्या' १९८७ ला आलं, पुढच्या वर्षी साहित्य अकादमी मिळाली. त्यात चोऱ्या आहेत, लेखकानं त्या लपवलेल्या नाहीत. पण पोलिस दारात येतात ते जमातीचं नाव आधीच ठाऊक असल्यामुळं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मालाच गुन्हा ठरवलं. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. कायदा ब्रिटिश मुलखातला, आपण तेव्हा निजामाकडे. पण शिक्का हद्द कुठं ओळखतो? १९५२ ला कायदा गेला, शिक्का राहिला. गेमच्या भाषेत सांगायचं तर रक्कम आधीच चढलेली, आणि ती भरायची खिडकीच नाही.

'किंगडम कम डिलिव्हरन्स'चा दुसरा भाग २०२५ ला आला, पंधराव्या शतकातल्या बोहेमियातला. तो बराच पुढं गेलाय, हे मान्य केलं पाहिजे. तिथं मानेवर डाग देतात आणि लोक तो बघून तुमच्याशी वागतात. चोरी नंतर उघडकीला आली तर आसपास घुटमळणाऱ्यावर संशय येतो. चांगलं काम आहे. तरी तो संशय तुमच्या घुटमळण्यातूनच जन्मतो. तुम्ही घरी झोपला होतात आणि तरी दार वाजलं, असं होत नाही. असा गेम कोण विकत घेईल, हा प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. पण मग 'वास्तववादी' हा शब्द जाहिरातीत जरा जपून वापरावा.

गंमत म्हणजे 'स्कायरिम'ला हे सुचलं होतं. सुरुवातीलाच तुम्ही हात बांधून गाडीत बसलेले असता. यादी वाचली जाते, तुमचं नाव तिच्यात नसतं. यादीवाला वरिष्ठ बाईंना तसं सांगतो. त्या म्हणतात, यादी राहू द्या, यालाही ओंडक्याकडे न्या. अख्ख्या गेममधला हा सगळ्यात खरा प्रसंग. मग आकाशातून ड्रॅगन येतो, पळापळ होते आणि ती यादी कायमची विसरली जाते.

मी नातवाला विचारलं, "अरे, तुझा गुन्हा काय होता?"

त्यानं खेळ थांबवला नाही. म्हणाला, "सीमा ओलांडत होतो म्हणे, आबा. नीट कुणी सांगतच नाही."