विज्ञान-तंत्रज्ञानातील क्षमताबांधणी आणि ई-शिक्षण : आमलीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

फेब्रुवारी २००४ मध्ये जगातील विज्ञान अकादम्यांच्या 'इंटर अकॅडमी कौन्सिल' या संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाला 'इन्व्हेंटिंग अ बेटर फ्यूचर' हा अहवाल सादर केला. ब्राझीलचे गणितज्ञ जेकब पालिस व इजिप्तचे इस्माईल सेराजेल्दिन हे त्याच्या अभ्यासगटाचे सहअध्यक्ष होते. विकसनशील देशांनी स्वतःची वैज्ञानिक क्षमता उभी केल्याशिवाय त्यांची परावलंबनातून सुटका नाही, हे या अहवालाचे मुख्य प्रतिपादन आहे. त्यानंतरच्या काळात आपल्याकडील शैक्षणिक धोरणांत 'क्षमताबांधणी' हा शब्द रूढ झाला. परंतु क्षमता नेमकी कोणाची, ती कोठे वसते आणि ती निर्माण झाली हे ओळखावे कसे, या प्रश्नांची उत्तरे अहवालातून पुरेशी मिळत नाहीत. दादरा व नगर हवेलीतील आमली-सिल्वासा परिसराच्या संदर्भात या उणिवेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अहवालाची मांडणी :

अहवालाच्या शिफारशी ढोबळमानाने अशा आहेत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या किमान १ टक्का, शक्य तर दीड टक्क्यापर्यंत खर्च संशोधन व विकासावर व्हावा; उत्कृष्टता केंद्रे स्थापन व्हावीत; ती आभासी जाळ्यांनी जोडावीत; आणि विज्ञानसाहित्य डिजिटल ग्रंथालयांद्वारे सर्वांना खुले व्हावे. या मांडणीमागे प्रा. अब्दुस सलाम यांच्या विचारांची परंपरा आहे. सलाम यांनी १९६४ मध्ये इटलीतील ट्रीएस्ट येथे सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे आंतरराष्ट्रीय केंद्र उभारले. विज्ञानाचे हस्तांतर झाल्याशिवाय तंत्रज्ञानाचे हस्तांतर टिकत नाही, ही त्यांची भूमिका होती. विकसनशील देशातील संशोधकाने ट्रीएस्टला ठरावीक काळ येऊन काम करावे, परंतु मायदेशातील आपली जागा सोडू नये, अशी त्या केंद्राच्या सहयोगी योजनेची रचना आहे. म्हणजे क्षमता ही माणसात वसते व ती त्याच्या गावी परत गेली पाहिजे, हे सूत्र सलाम यांच्या कार्यात स्पष्ट दिसते.

अहवालाने हे सूत्र स्वीकारले, पण त्याचा भर संस्था, निधी व जाळी यांच्यावर राहिला. सामान्य पदवी महाविद्यालयातील विज्ञानशिक्षक या मांडणीत कडेलाच राहतो. भारताचा संशोधनावरील खर्च आजही उत्पन्नाच्या १ टक्क्याखाली आहे, ही गोष्ट चिंतेची आहेच. तथापि तो दुप्पट झाला तरी त्यातील किती भाग अशा शिक्षकापर्यंत पोहोचेल, हा प्रश्न शिल्लक राहतो.

आमलीचा संदर्भ :

२ ऑगस्ट १९५४ रोजी नगर हवेली पोर्तुगीज सत्तेपासून मुक्त झाली आणि १९६१ मध्ये दादरासह भारतात विधिवत समाविष्ट झाली. २६ जानेवारी २०२० पासून हा प्रदेश दमण व दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश आहे. २००१ च्या जनगणनेत या प्रदेशात सिल्वासा व आमली अशी दोनच नगरे नोंदली गेली होती. आज आमली हा सिल्वासा शहराचाच भाग आहे. करसवलतींमुळे आमली, मसाट, खडोली, रखोली या पट्ट्यात कारखाने आले. प्लास्टिक, कृत्रिम धागा, तांबे यांचे उत्पादन होऊ लागले. रखोली येथे तर ऑप्टिकल फायबर केबल तयार करणारा कारखाना उभा राहिला. ज्या केबलमधून जगाचे ई-शिक्षण वाहते ती वारली-कोकणा पाड्यांच्या शेजारी बनू लागली. उत्पादनाच्या आकड्यांवरून पाहिल्यास हा प्रदेश तंत्रज्ञानात पुढारलेला दिसतो. पण करसवलत यंत्र आणू शकते; यंत्र समजणारा माणूस ती घडवत नाही. कारखाना जवळ असणे आणि तंत्रज्ञान अवगत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आकडेवारीही येथे जपून वाचावी लागते. २००१ मध्ये प्रदेशाची साक्षरता सुमारे ५७.६ टक्के होती. २०११ मध्ये ती ७६.२ टक्के झाली. ही वाढ स्वागतार्ह आहे. परंतु याच दशकात लोकसंख्या २,२०,४९० वरून ३,४३,७०९ झाली, म्हणजे सुमारे ५६ टक्क्यांनी वाढली, आणि अनुसूचित जमातींचे प्रमाण ६२ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर आले. रोजगारासाठी बाहेरून आलेल्या साक्षर तरुणांमुळेही सरासरी उंचावते. २०११ मध्ये पुरुष साक्षरता ८५ टक्के, तर स्त्रियांची ६४ टक्के होती. तेव्हा सरासरीतील वाढ ही खानवेल वा दुधनीच्या डोंगरपट्ट्यातील मुलीची प्रगती आहे, असे गृहीत धरता येत नाही. क्षमतेचे मापन प्रदेशाच्या सरासरीने करणाऱ्या प्रत्येक अहवालाला हा आक्षेप लागू पडतो.

भाषेचा प्रश्न याहून बिकट आहे. घरी वारली किंवा कोकणा बोली, शाळेत गुजराती वा मराठी, कारखान्यात हिंदी आणि विज्ञान शाखेत इंग्रजी, असा येथील विद्यार्थ्याचा प्रवास असतो. शिवाय याच शहर परिसरातील महाविद्यालये एक पुण्याच्या, तर दुसरे सुरतच्या विद्यापीठाशी संलग्न राहिली आहेत. अभ्यासक्रम दोन्हीकडून येतो, मात्र येथील पाणी, माती व उद्योग यांना त्यात स्वाभाविकच स्थान नसते. डिजिटल ग्रंथालयातील लाखो पाने खुली झाली तरी ती पाने या विद्यार्थ्यापर्यंत नेणारा दुवा शिक्षकच असतो.

ई-शिक्षणाचा अनुभव :

भारताने साधनांच्या बाबतीत कमतरता ठेवली असे म्हणता येणार नाही. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचे 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू झाले. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठीचा 'एज्युसॅट' उपग्रह सोडण्यात आला; त्याची सेवा २०१० मध्ये संपली. २०१७ मध्ये 'स्वयम्' व 'दीक्षा' आले. परंतु राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भारतातील केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक व १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. २०२० मध्ये वर्ग बंद झाले तेव्हा या अंतराची झळ देशभरातील विद्यार्थ्यांना बसली.

साधन पोहोचल्यावर काय होते, याचे बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगावच्या संगणक केंद्रांतून बाजारभाव, शेतीसल्ला व शिक्षण मिळावे अशी योजना होती. प्रत्यक्षात केंद्रांचा उपयोग प्रामुख्याने ऊसाचे वजन, खतांचा हिशेब आणि तोडणीच्या नोंदी यांसाठी झाला. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातील अभ्यासकांनी काही गावांत हेच काम साध्या मोबाईल संदेशांवर यशस्वीपणे करून दाखवले. त्या अभ्यासकांपैकी केंटारो टोयामा यांनी २०१५ च्या 'गीक हेरेसी' या ग्रंथात निष्कर्ष काढला, की तंत्रज्ञान माणसाच्या मुळातल्या हेतूला व क्षमतेला केवळ वाढवते. वारणेत साखर कारखान्याची शिस्त सक्षम होती, म्हणून ऊसाचा हिशेब सुधारला. शिक्षणाचे काम हाती घेणारी माणसे त्या केंद्रांत नव्हती, म्हणून ते मागे पडले.

टोयामा यांचा सिद्धांत मान्य केला तरी तो अपुरा वाटतो. जेथे क्षमता कमी आहे तेथे तंत्रज्ञान थांबवावे, असा त्याचा सोयीस्कर अर्थ लावला जाऊ शकतो. त्यास उत्तर पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे मिळते. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळा सोडलेली मुले वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, आहार-आरोग्य ही कामे शिकतात आणि गावाला प्रत्यक्ष सेवा देतात. हातून केलेल्या कामातून विज्ञानाच्या तत्त्वाकडे, असा हा क्रम आहे. २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने येथे फॅब लॅब आली. अमेरिकेबाहेरील आरंभीच्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. पण ती आली तेव्हा काम करण्याची जवळजवळ २० वर्षांची सवय तेथे मुरलेली होती. साधन नंतर आले, हात आधी तयार झाले होते. अहवालातील शिफारशींचा क्रम नेमका याच्या उलट आहे.

शिक्षकांच्या दृष्टीने अर्थ :

या विवेचनातून महाविद्यालयीन शिक्षकांसाठी काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, ई-साहित्य दाखवणे म्हणजे ई-शिक्षण नव्हे. दमणगंगेच्या वा कूपनलिकेच्या पाण्याचा जडपणा विद्यार्थ्याने स्वतः मोजला, त्याची नोंद संगणकावर ठेवली आणि मग त्यावरील व्याख्यान पाहिले, तर ते साहित्य कामी आले असे म्हणता येईल. दुसरी, शेजारच्या कारखान्यातील देखभाल विभाग हीसुद्धा प्रयोगशाळाच आहे; तिचे दार उघडून घेणे हे संस्थाचालकांचे काम आहे. तिसरी, बोलीतील शब्दांना वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे, कारण न समजलेले तत्त्व पडद्यावर चालत्या चित्रांत दाखवले तरी न समजलेलेच राहते. चौथी, या कामासाठी शिक्षकाच्या कार्यभारात तास राखून ठेवावे लागतील. तास न देता क्षमताबांधणीची अपेक्षा करणे म्हणजे बियाणे न देता पीक मागणे होय.

समारोप :

२००४ च्या अहवालाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. गरीब देशांनी विज्ञानाची केवळ फळे विकत घेऊ नयेत, हा त्याचा आग्रह आजही तितकाच योग्य आहे. त्याची मर्यादा एवढीच, की देश सक्षम झाला म्हणजे आमलीही सक्षम होईल असे त्यात गृहीत धरले आहे. आमलीचा अनुभव हे गृहीतक तपासून पाहण्यास भाग पाडतो. रखोलीची केबल जगात कोठे कोठे पोहोचली याचा हिशेब कारखान्याकडे असेल. खानवेलच्या विद्यार्थिनीला त्या केबलमधून प्रकाश वळणावरही बाहेर का पडत नाही, हे सांगता येते का, याचा हिशेब महाविद्यालयाने ठेवावयाचा आहे. क्षमताबांधणीची खरी कसोटी तीच होय.