वाद्यं मोजली, ऐकली नाहीत

‘सैराट’ 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झाला. त्या उन्हाळ्यात आमच्या वऱ्हाडातल्या परतवाड्यात ‘झिंगाट’ वाजवल्याशिवाय क्वचितच एखादी वरात जयस्तंभ चौकातून पुढे सरकली असेल. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, त्याची कमाई शंभर कोटींच्या पुढे गेली. जातीच्या अंगानं, गावगाड्याच्या अंगानं, आर्चीसारख्या नायिकेच्या अंगानं त्यावर भरभरून लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. पण अजय-अतुल यांच्या संगीतावर जे लिहून आलं, ते पुन्हा चाळताना मन खट्टू होतं. बहुतेकांनी वाद्यवृंद मोजला. त्या वाद्यवृंदानं गाण्यात नेमकं काय केलं, हे सांगायच्या वाटेला फार थोडे गेले.

मोजण्यासारखं होतं, यात शंका नाही. अमेरिकेत कल्व्हर सिटीतल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर साठाहून अधिक वादक बसले आहेत, प्रत्येकाच्या समोर लिहिलेली स्वरलिपी आहे आणि ध्वनिमुद्रण चाललंय ते करमाळ्याच्या बाजूच्या एका पोराच्या प्रेमाच्या गाण्याचं. मराठी चित्रपटात हे तोवर घडलं नव्हतं. व्हायोलिनच्या कुळातल्या वाद्यांचा मोठा ताफा, पितळी वाद्यं, सुषिर वाद्यं, हार्प, सगळं खरंखुरं. ‘हॉलिवूड’ हा शब्द जाहिरातीला पुरतो. समीक्षकानं मात्र तिथून पुढे सुरुवात करायची असते.

हा वाद्यवृंद काही आकाशातून पडलेला नव्हता. अजय-अतुल या भावांच्या ‘विश्वविनायक’ या सुरुवातीच्या अल्बममध्येच गणेशस्तुतीला भव्य नाद देण्याची ओढ स्पष्ट ऐकू येते. पुढे ‘जोगवा’ला संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘नटरंग’नं ढोलकी घराघरांत नेली. तमिळ संगीतकार इळैयाराजांचं ऋण हे भाऊ मोकळेपणानं मानतात. इळैयाराजांनी 2005 मध्ये ‘तिरुवासकम’ हा अल्बम बुडापेस्टच्या वाद्यवृंदाबरोबर केला, तेव्हा तमिळ रसिकांचे कान अशा कामासाठी आधीच तयार झालेले होते. त्यांच्याच चित्रपटगीतांतून वर्षानुवर्षं ते घडले होते. आपल्याकडे ती तयारी कमी पडली.

याचं कारण आपल्या समीक्षेच्या घडणीत आहे. केशवराव भोळे, वामनराव देशपांडे यांनी गायकीवर लिहिण्याची जी भाषा घडवली, ती कोणत्याही भारतीय भाषेला भूषण ठरावी अशी आहे. स्वरलगाव, लय, घराण्याचा बाज यांवर मराठी माणूस आजही तासभर बोलू शकतो. भावगीतावर लिहायचं तर शब्द, चाल आणि गळा या तीन गोष्टींवर आपण नेमकं बोट ठेवतो. चौथी गोष्ट म्हणजे वाद्यसंयोजन, आणि ती शेवटच्या ओळीत ‘संयोजनही उत्तम’ एवढ्यावर उरकते. अशोक दा. रानडे यांनी चित्रपटसंगीताकडे गंभीरपणे पाहिलं, पण त्यांच्या मागून ती वाट फारशी रुळली नाही.

मुंबईच्या चित्रपटसंगीताचा नाद ज्यांनी उभा केला, त्यांची नावंही त्यामुळे मागे राहिली. गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात भारतीय सिम्फनी वाद्यवृंद उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. आज बहुतेकांना गोन्साल्विस हे नाव ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे माहीत आहे. त्यांचे शिष्य, संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या गुरूंचं नाव तिथे गोवलं, हेही अनेकांच्या गावी नसतं. संयोजक सेबॅस्टियन डिसोझा आणि आपले अनिल मोहिले यांच्यावर एखादा सलग लेख शोधायला गेलं तर दमछाक होते. याउलट, अमेरिकेतल्या बीच बॉइज या बँडचा ‘पेट साउंड्स’ हा 1966 चा अल्बम आधी तिकडे जरा थंडच घेतला गेला, इंग्लंडमध्ये मात्र तो डोक्यावर घेतला. पण पुढे त्यावर इतकं बारकाईनं लिहिलं गेलं की ड्रम वाजवणारा हॅल ब्लेन आणि बास वाजवणारी कॅरोल के ही नावं रसिकांच्या तोंडी बसली.

आता ‘याड लागलं’ ऐकू. गळा उघडण्याआधी ऑर्केस्ट्रा बोलतो, आणि मोठ्यानं बोलतो. मग अजय गोगावले यांचा आवाज येतो. तो मोकळा, रानातला आवाज आहे, त्याला शहरी घोटीवपणा नाही. अडचण इथेच होती. आपल्या लोकगायनातला स्वर दोन पट्ट्यांच्या मधून घसरत जातो, त्याला मुरकी असते, लाडिक ओढ असते. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रात मात्र प्रत्येकाचा स्वर कागदावर ठरलेला. दोन्ही एकाच वेळी बोलू लागले तर गळ्याची नजाकत चिरडली जाणार. अजय-अतुल यांनी केलं ते असं: गळा वळणं घेतो तेव्हा तंतुवाद्यं लांब स्वर धरून थांबतात, आणि गळा दम घेतो तेव्हा ती धाव घेतात. चाल जवळजवळ लोकगीताइतकी साधी राहते, खाली स्वरसंगती बदलत राहते. त्यामुळे तीच ओळ दुसऱ्यांदा आली की वेगळी भासते. श्रेया घोषाल यांच्या ‘आताच बया का बावरलं’मध्ये हाच ताफा बराच हलका होऊन वावरतो.

एवढा मोठा नाद एका गरीब पोराच्या गाण्याला कशाला, असा आक्षेप माझ्याशी बोलताना अनेकांनी घेतला. तो उडवून लावण्यासारखा नाही. पण चित्रपटाची रचना पाहा. चारही गाणी पूर्वार्धात आहेत. नायक परश्याच्या डोळ्यांतून दिसणारं गाव मोठं आहे, भरलेलं आहे, कारण तो प्रेमात आहे. तो ऑर्केस्ट्रा परश्याच्या मनाच्या मापाचा आहे. परश्या आणि आर्ची पळून हैदराबादला पोहोचतात आणि गाणी संपतात. झोपडपट्टी, नोकरी, भांडण, संसार, कुठेही गाणं नाही. आणि शेवटच्या प्रसंगात तर आवाजच काढून घेतला आहे. ती शांतता इतकी जिव्हारी लागते, कारण पहिल्या दीड तासात कानांना त्या भव्यतेची सवय लावलेली असते. संगीत कुठे थांबवायचं हा निर्णयही संगीताचाच भाग असतो. ‘सैराट’च्या संगीतातली सगळ्यात धाडसी गोष्ट मला ही वाटते, आणि तिच्यावरच सगळ्यात कमी लिहिलं गेलं.

दोषही आहेत. प्रत्येक गाण्यात एक उंच लाट येते आणि ती येणार हे दोन गाण्यांनंतर कळायला लागतं. ‘सैराट झालं जी’मध्ये दोन कडव्यांमधली वाद्यांची जागा काही ठिकाणी इतकी भरून टाकली आहे की युगुलगीतातला खासगीपणा हरवतो. ‘झिंगाट’ गाजलं ते तालावर आणि बोलीवर. ऑर्केस्ट्राच्या चर्चेत त्याला ओढण्याचं कारण नाही. 2018 मध्ये ‘धडक’ या हिंदी रूपांतरात यातल्या काही चाली गेल्या, नाद तसाच भव्य राहिला, पण बोलीची माती सुटली. ज्या मातीशी तो नाद झटापट करत होता तीच नसेल तर भव्यता नुसती श्रीमंत वाटते. ‘धडक’ ऐकल्यावर ‘सैराट’च्या संगीताचं मोल मला जास्त कळलं.

आमच्या वऱ्हाडात या संगीताची एक समीक्षा रस्त्यावर झाली, तीही नोंदवायला हवी. पितळी वाद्यं आपल्याकडे लष्करी बँडांबरोबर आली, आणि परतवाडा तर हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या छावणीभोवती वाढलेलं गाव. इथल्या लग्नाच्या बँडनं ‘याड लागलं’ वाजवायला घेतलं की क्लॅरिनेट गळ्याची चाल उचलतो, व्हायोलिनच्या धावा ट्रम्पेटकडे येतात आणि चेलोचं काम युफोनियम करतो. व्हायोलिनच्या गजाला दम घ्यावा लागत नाही, ट्रम्पेटवाल्याला लागतो. म्हणून तो लांब स्वर मधेच तोडतो आणि त्या फटीत ताशाचा एक तुकडा बसवून देतो. ही तडजोड आहे, पण ती कान देऊन केलेली आहे. मुख्य चालीच्या मागे काय चाललं आहे हे ऐकल्याशिवाय ती करताच येत नाही. वर्तमानपत्रातल्या अनेक परीक्षणांपेक्षा या वादकांनी ‘सैराट’ अधिक बारकाईनं ऐकला, असं मी पूर्ण जबाबदारीनं म्हणतो. डीजेच्या भिंतींपुढे आता त्यांची कामं घटत चालली आहेत, त्याचं दुःख वेगळंच.

‘सैराट’नंतर मराठी गाण्यांत तंतुवाद्यांचा पूर आला. पण त्यातलं पुष्कळसं संगणकातल्या साठवलेल्या नमुन्यांवर वाजतं. पैसा कमी असतो, हे मान्य. साधन वाईट नाही. फरक एवढाच की चाळीस माणसं एकच स्वर धरतात तेव्हा प्रत्येकाचा स्वर केसभर इकडेतिकडे असतो, प्रत्येकाचा गज क्षणभर मागेपुढे पडतो, आणि त्या किंचित विस्कटलेपणातून तो भरदार नाद उभा राहतो. नमुन्यात तो एकदा गोठतो आणि प्रत्येक गाण्यात तोच परत येतो. हा फरक कानाला कळतो. तो लिहून सांगणारं कुणी नसेल तर निर्मात्याला खऱ्या वादकांवर पैसे खर्च करायचं कारण उरत नाही, आणि मुंबई-पुण्यात जे व्हायोलिनवादक, चेलोवादक आज आहेत त्यांनाही काम मिळत नाही.

म्हणून संपादकांना आणि लिहिणाऱ्या मित्रांना एक विनंती. पुढचा मराठी अल्बम हाती येईल तेव्हा त्याचं संयोजन कुणी केलं, व्हायोलिन कुणी वाजवलं, बासरी कुणाची, हे आधी विचारून घ्या. ती नावं परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदात छापा आणि त्यांनी काय वाजवलं ते दुसऱ्या परिच्छेदात लिहा.