पुठ्ठ्याचे शिरस्त्राण

डॉन क्विक्झोट म्हटला की आपल्याला पवनचक्क्या आठवतात. पण सर्व्हांटिसच्या या १६०५ सालच्या स्पॅनिश कादंबरीचे मर्म मला पहिल्याच प्रकरणातील एका घरगुती उद्योगात दिसते. पणजोबांचे गंजलेले चिलखत हा गृहस्थ घासूनपुसून साफ करतो. शिरस्त्राणाला तोंड झाकणारा भाग नसतो. तो पुठ्ठ्याचा करून जोडतो. पारख म्हणून तलवार चालवितो, तो आठवड्याची मेहनत एका घावात नाहीशी! मग आतून लोखंडी पट्ट्या बसवितो. मात्र पुन्हा वार करून पाहत नाही. उत्तम साधले, असे मानून मोकळा होतो.

चिलखते घडवून लढण्याचा छंद आजही आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९६६ साली अशा हौशी मंडळींची एक संस्था निघाली. तेथे तलवारी वेताच्या, पण घाव खरे. चिलखत कच्चे असले तर अंगाला कळतेच.

क्विक्झोटला थोर ध्येयवादी म्हणून गौरविणारे रसिक पुष्कळ आहेत. मला तो गौरव अपुरा वाटतो. त्याच्या वेडाचा उगम त्या टाळलेल्या दुसऱ्या वारात आहे. आणि आपल्या लाडक्या समजुतींवर दुसरा वार करायला आपला तरी हात कोठे उठतो? त्याला हसता हसता वाचक ओशाळतो, तो म्हणूनच.